ॲड. सुरेंद्र गडलिंग यांच्यासाठी नागपूरच्या वकील मंडळींना खुलं पत्र

नागपूर, ६ जून २०२५

वकील मंडळी,

सप्रेम जयभीम, नमस्कार.

२०१८ साली आजच्याच तारखेला पुणे पोलिसांनी ॲड. सुरेंद्र गडलिंग यांना नागपुरातून अटक केली. त्याच दिवशी नागपूर विद्यापीठाच्या इंग्रजी विभागाच्या प्रमुख प्रा. शोमा सेन यांना आणि गडचिरोलीत काम करणाऱ्या महेश राऊत यांनाही नेलं. त्याला आज सात वर्षं पूर्ण झाली. प्रा. सेन यांना एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. महेश राऊत यांना मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये जामीन दिला, पण त्याला स्थगिती मिळाली आणि ते आतच राहिले. गडलिंग तळोजा कारागृहात आहेत. ज्या एल्गार परिषद प्रकरणात त्यांना पकडलं, त्यात अजून आरोपसुद्धा निश्चित झालेले नाहीत. साक्षीदारांची यादी तीनशेच्या वर आहे आणि पहिल्या साक्षीदाराची उलटतपासणी कोणत्या वर्षी होईल, हे कोणीच सांगू शकत नाही.

मी वकील नाही. कोर्टाच्या आवारात टेबल टाकून अर्ज, शपथपत्रं, जामिनाचे अर्ज टाइप करण्यात माझी नोकरीची म्हणावी ती सगळी वर्षं गेली. आधी मशीनवर, मग कॉम्प्युटरवर. गडलिंग साहेबांचं काम माझ्याकडे नव्हतं, त्यामुळे ओळखीपोटी मी हे लिहीत नाही. पण जामीन अर्जातले मुद्दे टाइप करून करून ते पाठ झाले आहेत. अर्जदार निर्दोष आहे. तपास पूर्ण झाला आहे. खटला नजीकच्या काळात संपण्याची शक्यता नाही. अर्जदार घरातला एकटा कमावता आहे. त्यातला तिसरा मुद्दा सात वर्षांत एखाद्या माणसाच्या बाबतीत किती खरा होऊ शकतो, हे मला गडलिंग यांच्याकडे पाहून कळतं.

हे पत्र गृहमंत्र्यांना लिहावं, असं मला काही जणांनी सुचवलं. त्यांना निवेदनं पुष्कळ जातात आणि पुढेही जातील. मी तुम्हाला लिहिते आहे, कारण ज्यांना अटक झाली ते तुमच्यातले आहेत. तुमच्या बार रूममध्ये बसलेले, तुमच्या विरुद्ध आणि तुमच्या बाजूने उभे राहिलेले. आज त्यांचं नाव निघालं की आवाज खाली जातो, असं मला जाणवतं. कुणी म्हणतं, मामला न्यायप्रविष्ट आहे. कुणी म्हणतं, आरोप फार गंभीर आहेत. मला या दोन्ही गोष्टींवर तुमच्याशी बोलायचं आहे.

आरोपांची गंभीरता मी कमी लेखत नाही. एनआयएचं, म्हणजे राष्ट्रीय तपास संस्थेचं, म्हणणं असं की ३१ डिसेंबर २०१७ ला पुण्याच्या शनिवारवाड्यावर झालेली एल्गार परिषद ही बंदी घातलेल्या माओवादी पक्षाच्या कटाचा भाग होती, दुसऱ्या दिवशीचा भीमा कोरेगावचा हिंसाचार त्याच्याशी जोडलेला होता आणि गडलिंग त्या पक्षाचे सक्रिय सदस्य होते. दुसरा गुन्हा गडचिरोली जिल्ह्यात एटापल्लीच्या सुरजागडचा. २५ डिसेंबर २०१६ ला तिथे लोहखनिज वाहून नेणारी वाहनं मोठ्या संख्येने जाळली गेली. त्यात गडलिंग यांनी माओवाद्यांना माहिती आणि नकाशे पुरवले, असा आरोप आहे. त्या गुन्ह्यात त्यांची अटक दाखवली गेली ती जानेवारी २०१९ मध्ये, म्हणजे घटनेला दोन वर्षं उलटल्यावर आणि ते आधीच तुरुंगात असताना.

माओवाद्यांच्या हिंसेबद्दल विदर्भातल्या माणसाला कुणी वेगळं सांगायची गरज नाही. १ मे २०१९ ला जांभूळखेड्याच्या स्फोटात १५ पोलीस आणि एक वाहनचालक गेले. ती आमच्याच भागातली पोरं होती. त्यांच्या आई-बापांसमोर उभं राहून मी हिंसेची बाजू घेणार नाही, आणि हे पत्रही ती घेत नाही. गुन्हा घडला असेल तर तो सिद्ध करा. पुरावा कोर्टासमोर ठेवा, साक्षीदार बोलवा, उलटतपासणी होऊ द्या, शिक्षा व्हायची तर होऊ द्या. सात वर्षांत यातलं काहीच झालेलं नाही. खटला न चालवता माणसाला आत ठेवणं, यात त्या जवानांच्या कुटुंबांना तरी काय मिळालं?

पुराव्याबद्दलही एक गोष्ट नोंदवते. या खटल्याचा मोठा भाग कॉम्प्युटरमधल्या फाइलींवर उभा आहे. अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या न्यायवैद्यक संस्थेने बचाव पक्षाच्या विनंतीवरून गडलिंग यांच्या कॉम्प्युटरची प्रत तपासली. २०२१ च्या अहवालात त्यांनी म्हटलं की तो कॉम्प्युटर वीस महिन्यांहून जास्त काळ बाहेरच्या कुणाच्या ताब्यात होता आणि किमान १४ महत्त्वाच्या फाइली त्यात बाहेरून टाकलेल्या होत्या. तपास यंत्रणेला हे मान्य नाही. दोघांपैकी खरं कोण, हे मी ठरवू शकत नाही आणि तुम्हीही बार रूममध्ये बसून ठरवू शकत नाही. ते ठरवायची एकच जागा आहे आणि तिथे सुनावणी सुरूच होत नाही. विजेच्या चोरीच्या केसमध्येसुद्धा तुम्ही मीटरचा पंचनामा तपासल्याशिवाय सोडत नाही. इथे एका माणसाचं आयुष्य ज्यावर टांगलं आहे, तो पुरावा सात वर्षं तपासणीविना पडून आहे.

आता न्यायप्रविष्ट या शब्दाबद्दल. कोर्टाने काय निकाल द्यावा हे सांगणं चूक आहे, मी तसं काही मागत नाही. पण खटला चालवा, ही मागणी न्यायप्रविष्ट कशी होईल? सरकारी पक्षाने तारखा मागू नयेत, आरोपींना इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रती पूर्ण मिळाव्यात, या मागण्या तुम्ही रोज तुमच्या अशिलांसाठी करता.

सोळा जण या खटल्यात आरोपी झाले. फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ ला ८४ व्या वर्षी कैदेत असतानाच गेले. पार्किन्सनने हात थरथरत, म्हणून पाणी प्यायला नळीचा पेला मागावा लागला होता त्यांना. नऊ जण वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कारणांनी जामिनावर सुटले. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रोना विल्सन आणि सुधीर ढवळे यांना जामीन देताना कारण सांगितलं ते हेच: सहा वर्षांहून अधिक कैद आणि खटला लवकर संपण्याची शक्यता नाही. गडलिंग त्याच दिवशी, त्याच गुन्ह्यात पकडलेले आहेत. सहा जण अजून आत आहेत, त्यांपैकी ते एक.

सुधीर ढवळे यांचं उदाहरण नागपूरला नवीन नाही. २०११ मध्ये त्यांना वर्धा स्टेशनवर पकडलं होतं. चाळीस महिन्यांनी, मे २०१४ मध्ये, गोंदियाच्या सत्र न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. त्या चाळीस महिन्यांचा हिशेब कोणी दिला नाही. चार वर्षांनी पुन्हा अटक, आणि या वेळी साडेसहा वर्षं.

मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते साईबाबांच्या खटल्याबद्दल, कारण तो तुमच्या डोळ्यांसमोर घडला. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. जी. एन. साईबाबा यांना माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून ९ मे २०१४ ला अटक झाली. नव्वद टक्के अपंगत्व, व्हीलचेअरवर. गडचिरोलीच्या सत्र न्यायालयात त्यांचे वकील होते सुरेंद्र गडलिंग. ७ मार्च २०१७ ला जन्मठेप झाली आणि साईबाबांना आपल्या वर्धा रोडच्या मध्यवर्ती कारागृहात, अंडा सेलमध्ये, म्हणजे कडक बंदोबस्ताच्या एकांत कोठडीत ठेवलं. पुढच्या वर्षी त्यांचे वकीलच तुरुंगात गेले. १४ ऑक्टोबर २०२२ ला नागपूर खंडपीठाने सगळ्या आरोपींना सोडलं; दुसऱ्या दिवशी, शनिवारी, खास सुनावणी घेऊन सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि पुढे प्रकरण पुन्हा उच्च न्यायालयाकडे पाठवलं. ५ मार्च २०२४ ला नागपूर खंडपीठाच्या दुसऱ्या पीठाने सगळं नव्याने ऐकलं आणि पुन्हा निर्दोष सोडलं. म्हणजे याच शहरात, दोन वेगवेगळ्या पीठांनी.

तोवर या खटल्यातले एक आदिवासी आरोपी पांडू नरोटे ऑगस्ट २०२२ मध्ये नागपूर कारागृहात असताना मरण पावले होते. निर्दोष सुटल्याचा निकाल ऐकायला ते नव्हते. साईबाबा ७ मार्च २०२४ ला बाहेर आले आणि १२ ऑक्टोबरला हैदराबादच्या रुग्णालयात गेले. सात महिने बाहेरचा उजेड पाहिला त्यांनी. त्यांची आई ऑगस्ट २०२० मध्ये वारली, तेव्हा अंत्यदर्शनाला त्यांना सोडलं नव्हतं. गडलिंग यांची आईही त्याच महिन्यात करोनाने गेली. विशेष न्यायालयाने अंतरिम जामीन नाकारला. वर्षभरानंतर, ऑगस्ट २०२१ मध्ये, उच्च न्यायालयाने वर्षश्राद्धाच्या विधींसाठी काही दिवसांची मुभा दिली, तेव्हा ते नागपुरात येऊन गेले.

ज्या अशिलाची केस घेतली म्हणून गडलिंग यांच्याकडे संशयाने पाहिलं गेलं, तो अशील निर्दोष ठरून, सुटून, मरूनही गेला. वकील अजून आत आहे.

इथे तुमच्या धंद्याचा प्रश्न येतो, आणि तो मला पार आतून टोचतो. गडचिरोलीहून येणारी माणसं मी पाहिली आहेत. एटापल्ली, भामरागडकडून रात्रभर एसटीने, मग ऑटोने सिव्हिल लाइन्सला. बाई असेल तर कडेवर पोर. बोलणं माडियात किंवा गोंडीत, आणि मराठी जेमतेम. पोरगा आत आहे एवढंच ठाऊक. कोणतं कलम, कोणतं कोर्ट, पुढची पेशी कधी, काही ठाऊक नाही. हातात पोलिसांनी दिलेला एखादा चुरगळलेला कागद. त्यांच्या बाजूने यूएपीएच्या, म्हणजे बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्याच्या, केसेस लढायला नागपुरात किती वकील तयार असतात, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. फी मिळत नाही, पोलिसांच्या नजरेत येतो, घरचे काळजी करतात. गडलिंग अशा केसेस घेत. बहुतेक वेळा नाममात्र फी घेऊन किंवा फी न घेता. त्यांच्या अटकेनंतर तशी केस हातात घेताना एखाद्या तरुण वकिलाच्या मनात काय येत असेल? तो नाही म्हणाला तर त्याला दोष देण्याची माझी हिंमत नाही. पण त्या नाही म्हणण्याची किंमत त्या एसटीने आलेल्या बाईला मोजावी लागते.

संविधानाच्या २२ व्या कलमात अटक झालेल्या माणसाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि त्याच्याकडून बचाव करवून घेण्याचा हक्क दिला आहे. सप्टेंबर १९४९ मध्ये संविधान सभेत ही तरतूद बाबासाहेबांनी मांडली. ते स्वतः बॅरिस्टर होते. वकिलाशिवाय उभ्या केलेल्या आरोपीचं काय होतं हे त्यांना माहीत होतं. बार कौन्सिलचे नियम सांगतात की आरोपीच्या दोषाबद्दल वकिलाचं स्वतःचं मत काहीही असो, त्याने बचाव करावा. २०१० मध्ये मोहम्मद रफी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की अमुक आरोपीचं वकीलपत्र घेऊ नका असा ठराव करणाऱ्या बार असोसिएशनचा ठराव बेकायदा आहे. वकिलांच्या भूमिकेबद्दल संयुक्त राष्ट्रांची जी तत्त्वं १९९० मध्ये हवानात मान्य झाली, त्यांत म्हटलं आहे की वकिलाने काम केलं म्हणून त्याला त्याच्या अशिलाशी किंवा अशिलाच्या ध्येयाशी एकरूप मानू नये. हे सगळं तुम्ही शिकून आलात. मी टाइप करता करता शिकले.

यूएपीएच्या ४३ डी (५) कलमामुळे जामीन कठीण आहे, हे खरं. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर ते कलम आलं आणि पोलिसांच्या कागदांवरून आरोप प्रथमदर्शनी खरे वाटले तर जामीन देता येत नाही. पण फेब्रुवारी २०२१ मध्ये के. ए. नजीब यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं की खटला वाजवी वेळेत संपण्याची शक्यता नसेल, तर हे कलम संवैधानिक न्यायालयांच्या आड येत नाही. तो खटला केरळात एका प्राध्यापकाचा हात तोडल्याचा होता आणि नजीब पाच वर्षांहून जास्त काळ आत होते. सुरजागडच्या गुन्ह्यात नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२३ मध्ये गडलिंग यांचा जामीन नाकारला. त्या निकालाचा मी आदर करते. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये नोटीस काढली. आज जून २०२५ आहे, तारखा पडत आहेत आणि निर्णय झालेला नाही. साडेआठ वर्षांपूर्वीच्या जाळपोळीच्या प्रकरणात जामिनाच्या अर्जालाच दीड वर्षाहून जास्त काळ लागतो, तर खटल्याला किती लागेल?

देशात २०२२ च्या अखेरीस तुरुंगांमध्ये ५,७३,२२० माणसं होती, त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी. चारांतले तीन. त्यांच्यासाठी कोणी खुली पत्रं लिहीत नाही, याची मला जाणीव आहे. गडलिंग यांचं नाव घेते ते त्यांना वेगळी वागणूक मिळावी म्हणून नाही. या चारांतल्या तिघांसाठी जे वकील उभे राहत, त्यांतला एक परत हवा आहे.

याच महिन्याच्या २५ तारखेला आणीबाणीला पन्नास वर्षं होतील. भाषणं होतील, मिसाबंदींचे सत्कार होतील. राज्य सरकार त्यांना मानधन देतं. चौकशीशिवाय आत टाकलेल्या माणसांचा सन्मान होतो, हे मला योग्य वाटतं. त्या काळात हेबियस कॉर्पसचे, म्हणजे बेकायदा कैदेविरुद्धचे, अर्ज ऐकून घेण्याचं धाडस ज्या उच्च न्यायालयांनी केलं, त्यांत मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ होतं. न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांचं नाव आजही तुमचे ज्येष्ठ वकील आदराने घेतात. सर्वोच्च न्यायालयात २८ एप्रिल १९७६ ला चार विरुद्ध एक अशा निकालाने ते सगळे अर्ज निकाली निघाले, एकटे न्या. एच. आर. खन्ना वेगळं बोलले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच तो निकाल चुकीचा ठरवला. म्हणजे तेव्हा नागपूर बरोबर होतं. त्या वेळी आत असलेल्यांत संघाचे लोक होते, समाजवादी होते, कम्युनिस्ट होते. वकीलपत्र घेताना त्यांच्या वकिलांनी पक्ष पाहिला नाही. न्यायाधीशपद सोडून वकिली करणाऱ्या न्या. तारकुंडे यांनी ज्यांच्यासाठी युक्तिवाद केला, त्यांतल्या कित्येकांचे विचार त्यांना अजिबात पटत नव्हते.

तुमच्यातल्या कित्येकांना गडलिंग यांचे विचार पटत नसतील. त्यांनी आंदोलकांची बाजू घेतली, सरकारवर कडक बोलले, दलित-आदिवासींच्या हक्कांसाठी उघड उभे राहिले. ज्यांना ते आवडलं नाही, त्यांच्यासाठी मी मुद्दाम लिहिते आहे. पटणाऱ्यांनी मागणी करणं सोपं असतं. न पटणाऱ्या वकिलाने उभं राहून म्हणावं की खटला चालवा नाहीतर सोडा, तेव्हा सरकारला ते ऐकावं लागतं.

माझी विनंती अशी. उन्हाळी सुट्टी संपून कोर्टं भरली की तुमच्या संघटनांच्या पहिल्या सर्वसाधारण सभेत एक ठराव घ्या. ठरावात गडलिंग दोषी की निर्दोष, यावर एक शब्द नको. त्यात राज्य सरकारला म्हणा की सुरजागड प्रकरणातल्या जामीन अर्जावर तुमच्या बाजूने यापुढे तारीख मागितली जाणार नाही, याची हमी द्या. केंद्र सरकारला म्हणा की एल्गार प्रकरणात आरोप निश्चितीला लागणारे सगळे कागद आणि इलेक्ट्रॉनिक प्रती आरोपींना ठरावीक मुदतीत द्या, आणि ते जमत नसेल तर उरलेल्या सहा जणांच्या जामिनाला विरोध करू नका. ज्येष्ठांपैकी दोघा-तिघांनी तळोज्याला जाऊन त्यांची भेट घ्यावी, तब्येत विचारावी. सोबतच्या वकिलाला भेटायला जाण्यासाठी कुणाच्या विचारसरणीची परवानगी लागत नाही.

आणि यूएपीएच्या केसेस घेणाऱ्या तरुण वकिलांच्या पाठीशी संघटना उभी राहील, हे त्याच ठरावात लिहा. ते वाक्य वाचून भामरागडच्या कुठल्यातरी पोराला वकील मिळेल.

ठरावाचा मसुदा मी मराठीत आणि इंग्रजीत टाइप करून ठेवला आहे. दुरुस्त्या तुम्ही करा, भाषा तुमची ठेवा. सभेच्या आदल्या दिवशी सांगितलंत तरी हव्या तितक्या प्रती काढून आणून देईन.

आपली,
कोर्टाच्या आवारातली एक जुनी टायपिस्ट
नागपूर